सेशन एक्सपायर झाले, म्हणजे कोण गेले?

इंग्रजीच्या तासाला वेबसाइटवरचे शब्द शिकवणे म्हणजे शुद्ध वेळेची नासाडी, असे परवा इंग्रजी शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात एका ज्येष्ठ सरांनी सांगितले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. त्यात बाणेदारपणा काही नव्हता, हातात चहा होता. सरांचे म्हणणे असे की आजची पोरे मोबाइल घेऊनच जन्माला येतात, त्यांना सबमिट आणि लॉगिन काय शिकवायचे; हे शब्द एव्हाना मराठीच झालेत; उरलेसुरले संगणकाच्या मास्तरांनी बघावे; आणि दोन-चार वर्षांत सगळे मराठीतच दिसायला लागणार, तेव्हा आपली कविता आणि व्याकरण सोडून आपण बटणांच्या मागे का लागावे? सर विद्वान आहेत. त्यांच्या हाताखाली मी स्वतः वर्षभर शिकले आहे. म्हणूनच वाटते की हे बोलण्याआधी त्यांनी एखाद्या संध्याकाळी आमच्या वर्गात येऊन बसायला हवे होते.

आमचा वर्ग तालुक्याच्या गावात वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतो, साडेसहा ते आठ. बी.ए.च्या दोन-तीन मुली, टेम्पो चालवणारा एक तरुण, किराणा दुकानाचे एक मालक, एक निवृत्त तलाठी आणि एक अंगणवाडी सेविका, ज्यांना सगळे ताई म्हणतात. यांपैकी कुणालाही शेक्सपिअर नको आहे, निदान अजून तरी. स्वतःचा फॉर्म स्वतः भरता यावा, एवढ्यासाठी ही माणसे दिवसभराचे काम उरकून जिना चढतात.

जुलैतल्या एका संध्याकाळी ताई मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होत्या. उत्पन्नाचा दाखला काढायला पिशवीत हात घातला. तो रेशनकार्डाच्या घडीत सापडेपर्यंत बराच वेळ गेला, आणि मोबाइलकडे बघतात तर पडद्यावर एक ओळ उभी: युअर सेशन हॅज एक्सपायर्ड. ताईंचा चेहरा उतरला. माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, कोण एक्सपायर झालं?"

वर्गात कुणीही हसले नाही, कारण प्रश्न सगळ्यांचाच होता. आपल्याकडे माणूस एक्सपायर होतो. दवाखान्यातून नातेवाइकांना निरोप येतो तो याच शब्दात, कारण 'वारले' म्हणायला जीभ रेटत नाही. फार तर औषधाची बाटली एक्सपायर होते. ताईंना हा शब्द येत नव्हता असे नाही. नको इतका येत होता. त्यांच्या घरी वर्षभरापूर्वीच तो येऊन गेला होता.

सरांचा "हे शब्द मराठीच झालेत" हा मुद्दा इथेच आडवा पडतो. झालेत, मान्य. पण इंग्रजी शब्द मराठीत राहायला येतो तेव्हा सगळे बिऱ्हाड घेऊन येत नाही. एक पेटी घेऊन येतो आणि एकाच खोलीत राहतो. डिफॉल्ट घ्या. पतसंस्थेच्या दारातल्या फलकावर ज्यांची नावे लागतात ते डिफॉल्टर, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळे मोबाइलमध्ये 'डिफॉल्ट लँग्वेज' असे दिसल्यावर दुकानदार काकांनी विचारले, "भाषेनं कुणाचे पैसे थकवले?" कर्ज न फेडणे आणि काहीच न निवडल्यास आपोआप लागू होणे, या दोन अर्थांना जोडणारा धागा इंग्रजीत आहे: करायचे ते न करणे. हप्ता भरला नाही तोही डिफॉल्ट, पर्याय निवडला नाही तोही डिफॉल्ट. हे एकदा फळ्यावर मांडले की काका पुन्हा अडत नाहीत. पण मांडायचे कुणी? फळा आपल्याच ताब्यात आहे, सर.

किंवा व्हॅलिडिटी घ्या. महाराष्ट्रात कॉलेजात जाणाऱ्या कुठल्याही मुलाला हा शब्द विचारा, तो जात वैधता प्रमाणपत्राबद्दल बोलू लागेल. 'व्हॅलिडिटी काढली का?' हा प्रवेशाच्या हंगामातला पहिला प्रश्न असतो. आमच्या वर्गातल्या मुलीने जन्मतारीख टाकताना महिन्याच्या जागी नुसता ७ टाकला, पडद्याला ०७ हवा होता. लाल अक्षरांत आले: इनव्हॅलिड डेट ऑफ बर्थ. ती म्हणाली, "पण मॅडम, मी ओपनमधून भरतेय, मला व्हॅलिडिटी लागतच नाही." तिच्या तर्कात चूक कुठे आहे सांगा. तिने माहीत असलेला अर्थ इमानदारीने वापरला.

कॅरेक्टरचे तेच. मराठीत कॅरेक्टर माणसाचे चांगले किंवा वाईट असते, नाहीतर सिनेमात असते. 'पासवर्डमध्ये एक स्पेशल कॅरेक्टर हवे' अशा अर्थाची ओळ आली, तेव्हा एकीने पासवर्डात आवडत्या नटाचे नाव घातले.

आता जरा गंभीर शब्दाकडे येते. पिन. टपालखात्याचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी गृहस्थ, शिवाय संस्कृतचे कवी. त्यातला पिन म्हणजे पोस्टल इंडेक्स नंबर. गावच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर, पाकिटावर तो उघडा लिहायचा असतो. जितका जास्त लोकांना कळेल तितके चांगले. बँकेचा पिन म्हणजे पर्सनल आयडेंटिफिकेशन नंबर, जो बायकोलाही सांगायचा नसतो. अक्षरे तीच, वागणूक अगदी उलट. टेम्पोवाल्या तरुणाने यूपीआयच्या पडद्यावर 'एंटर पिन' वाचून आपल्या गावाचा सहा आकडी पिनकोड तीनदा टाकला आणि चौथ्यांदा त्याला टाकता आले नाही. यूपीआय पिन चार किंवा सहा आकड्यांचाच असतो, तेव्हा आकड्यांच्या मोजणीनेही त्याला सावध केले नाही. सरांना वाटते हे शब्द त्याला येतात. त्यालाही तसेच वाटत होते.

हाच अर्थाचा घोळ वापरून लोकांना लुटले गेले आहे. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना. घेताना कधीच नाही. पण 'कलेक्ट रिक्वेस्ट' नावाचा प्रकार होता: समोरचा माणूस तुमच्याकडे पैसे मागतो, तुम्ही मान्य करून पिन टाकता, पैसे तुमच्या खात्यातून जातात. मराठीत कलेक्ट करणे म्हणजे घेणे, गोळा करणे. 'कलेक्ट' वाचून माणसाला वाटायचे की आपल्याला मिळणार आहेत. कलेक्ट कोण करणार, हा कर्त्याचा प्रश्न आहे, आणि त्या वाक्यात कर्ता लिहिलेलाच नसे. व्यक्तीने व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोय ऑक्टोबर २०२५पासून बंद करायला यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बँकांना सांगितले. चांगले झाले. पण त्याआधीची सगळी वर्षे आम्ही इंग्रजीचे शिक्षक वर्गात कर्ता, कर्म, क्रियापदच शिकवत होतो ना? तो कर्ता शोधण्याचा सराव ज्या एका वाक्यावर उपयोगी पडला असता, तेवढे वाक्य आम्ही अभ्यासक्रमाबाहेरचे मानले.

'मुले मोबाइल घेऊनच जन्मतात' या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. अमेरिकेत मार्क प्रेन्स्की यांनी २००१मध्ये 'डिजिटल नेटिव्ह' हा शब्द चलनात आणला आणि जगभरच्या शिक्षकांना एक आयती सबब मिळाली. आमच्या वर्गातली एक मुलगी रीलला आवाज जोडते, कापते, चिकटवते, तिच्या अंगठ्याचा वेग माझ्या डोळ्यांना झेपत नाही. तीच मुलगी 'ॲट लीस्ट वन अपरकेस लेटर' या पाच शब्दांवर पाऊण तास अडली. तिला कॅपिटल माहीत होते, अपरकेस नाही. कसे असेल? देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसतात, त्यामुळे कल्पनाच आपल्या हाडामांसाची नाही. मी तिला जुन्या छापखान्यातले खिळ्यांचे खण सांगितले: जुळाऱ्यासमोर दोन खणपेट्या असत, मोठी अक्षरे वरच्या पेटीत, छोटी खालच्या. निवृत्त तलाठ्यांचे मामा छापखान्यात होते, त्यांनी पुढची दहा मिनिटे वर्ग ताब्यात घेतला. 'ॲट लीस्ट' मात्र राहिलेच. 'कमीत कमी' आणि 'जास्तीत जास्त' यांची अदलाबदल झाली की फोटोची फाइल नाकारली जाते, आणि का नाकारली ते कळत नाही.

संगणकाच्या मास्तरांनी बघावे म्हणता? ते बघतातच. ते सांगतात, "हिरवं बटण दाब, मग खाली जा, उजवीकडचं निळं दाब." मुलगी ते वहीत लिहून घेते, चित्रासकट. पुढच्या वर्षी वेबसाइट बदलते, हिरवे बटण केशरी होते, उजवीकडचे डावीकडे जाते आणि वही रद्दीत. जागा पाठ केलेली होती, वाक्य वाचलेले नव्हते. यात संगणकाच्या मास्तरांचा दोष मानत नाही. 'अनलेस' आणि 'अनटिल' मधला फरक समजावणे हे त्यांचे काम कधीच नव्हते.

तलाठी काकांचा प्रसंग सांगते. तीस वर्षे फेरफार नोंदी लिहिलेला माणूस, कागदाची भाषा त्यांना पाणी. नातवाच्या बसचे तिकीट काढताना पडद्यावर चौकट आली: डू यू वॉन्ट टू कॅन्सल? खाली दोन बटणे. एकावर ओके, दुसऱ्यावर कॅन्सल. काका चष्मा काढून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, कॅन्सल दाबलं तर कॅन्सल होणं कॅन्सल होणार का?"

होय काका, तेच होणार. प्रश्नातले कॅन्सल तिकिटाला लागते आणि बटणावरचे कॅन्सल त्या प्रश्नाला. शब्द एक, कर्मे दोन, आणि दोन्ही कर्मे गाळलेली. ज्याने ही चौकट केली त्याला फटके द्यायला हवेत हे खरेच, पण तोवर काकांना वाचता यायला हवे. संगणकाचा कुठला धडा हे शिकवणार? हे अस्सल व्याकरण आहे, आणि सर ज्याला व्याकरण म्हणतात त्या 'चेंज द व्हॉइस'पेक्षा कितीतरी अवघड.

अशी उदाहरणे वर्गात आणली की मुले स्वतःच खोदायला लागतात. 'फिल इन' आणि 'फिल आउट' यांचा अर्थ एकच, मग 'लॉग इन' आणि 'लॉग आउट' यांचा उलटा का? बटणावर 'माय अकाउंट' लिहिलेले आणि आत गेल्यावर 'युअर अकाउंट'. मग बटणावर बोलतोय कोण, मी की वेबसाइट? 'फर्स्ट नेम'मध्ये काय लिहायचे? शाळेच्या दाखल्यावर आपले आडनाव आधी असते, म्हणून निम्मा वर्ग तिथे आडनाव लिहितो आणि मग आधारवरच्या नावाशी ते जुळत नाही.

ब्राउझ या शब्दाच्या दिवशी तर मीच शिकले. शब्दकोशात या क्रियापदाचा एक जुना अर्थ आहे तो जनावरांचा: झाडाझुडपांचा पाला, कोवळे शेंडे खाणे. गाय करते ते ग्रेझ, शेळी करते ते ब्राउझ. टेम्पोवाल्याच्या घरी शेळ्या आहेत. तो लगेच म्हणाला, "बरोबर आहे. गाय खाली मान घालून एका जागी चरते. शेळी एका जागी थांबतच नाही, या झुडपाचा शेंडा, त्या बोरीचा पाला, मागच्या पायांवर उभी राहून बाभळीच्या शेंगा." मग मोबाइल उचलून म्हणाला, "मी रात्री हेच करतो." इंग्रजी शिकवताना इतका नेमका अर्थ मला कुठल्या प्राध्यापकाकडून मिळालेला नाही.

सरांच्या अगदी समोरच्या बाजूला उभ्या असलेल्यांशीही माझे भांडण आहे. हे शिक्षक वेबसाइटचे शब्द शिकवतात, पण कसे? एक चित्र, त्याखाली बाण, बाणाच्या टोकाला नाम. माउस, मॉनिटर, ब्राउझर, होमपेज, लिंक. जोड्या लावा, पाच गुण. नामे मुलांना येतातच. त्यांच्यासाठी खरोखरच कुणी शिक्षक नको. अडते ते क्रियापदांवर, अटींवर, 'ऑलरेडी' आणि 'आयदर'वर. या जोड्या लावण्याच्या खेळामुळेच सरांच्या टीकेला बळ मिळते.

आणि तरीही 'हे प्राथमिक शब्द आहेत' असे कुणी म्हटले की मला राहवत नाही. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २०००मध्ये विद्यापीठातल्या ग्रंथांत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची यादी प्रसिद्ध केली. रोजच्या वापरातले पहिले दोन हजार शब्द सोडून पुढचे, उच्च शिक्षणाला लागणारे शब्द त्यात आहेत. त्या यादीत सबमिट आहे. व्हॅलिड आहे, ॲक्सेस आहे, रिक्वायर आहे, सिलेक्ट आहे. म्हणजे ज्या शब्दांसाठी परदेशी विद्यापीठे खास वर्ग घेतात, तेच शब्द आपण शिष्यवृत्तीच्या अर्जावर ताईंपुढे ठेवतो आणि वर म्हणतो, एवढेही येत नाही?

कॉक्सहेड यांनी जे दोन हजार शब्द वगळले, त्यांची यादी मायकेल वेस्ट यांची, १९५३ची. हे वेस्ट आपल्याकडचेच म्हणायचे. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य होते, बंगालच्या शाळांत इंग्रजीचे काय होते हे त्यांनी जवळून पाहिले होते. १९२६च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी विमा व्यवसायातला एक शब्द शिक्षणाला लावला: सरेंडर व्हॅल्यू. विम्याची पॉलिसी मुदतीआधी मोडली तर हातात काय पडते, ती सरेंडर व्हॅल्यू. वेस्ट यांचा प्रश्न असा की बहुतेक मुले शाळा मध्येच सोडतात. त्या दिवशी त्यांच्या हातात इंग्रजीचे काय पडते? त्यांचे उत्तर होते, वाचता येणे. अर्धवट बोलता येण्याला किंमत नाही, थोडे का होईना वाचता आले तर ते कायमचे उपयोगी.

हा हिशेब आज करून बघा. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २०००पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ताईंच्या मुलीने बारावीपर्यंत बारा वर्षे हप्ते भरले. तिच्या हातात पडलेल्या रकमेत 'युअर सेशन हॅज एक्सपायर्ड' हे चार शब्दांचे वाक्य नव्हते, कारण आईला ते समजावून सांगायला तीही पुढे आली नाही. सर, आपल्या कवितेच्या विरोधात मी नाही. पण ही पॉलिसी मोडायला आलेल्या माणसाला आपण रिकाम्या हाताने परत पाठवतो आहोत, आणि त्याचे आपल्याला काही वाटत नाही, हे मला खटकते.

राहिला मराठीचा मुद्दा. यात मी सरांपेक्षा दोन पावले पुढे आहे. इथल्या माणसाला लागणारी प्रत्येक वेबसाइट चांगल्या मराठीत असलीच पाहिजे. आपली वैयक्तिक माहिती घेताना कंपन्यांनी संमती मागायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी, असे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लिहिलेलेच आहे. ती सोय मागायला मी ताईंबरोबर मोर्चात येईन. पण आज जे मराठी दिसते ते बघा. 'बुक नाऊ'चे 'आता पुस्तक' झालेले मी स्वतः पाहिले आहे. नोकरीच्या जाहिरातीखाली 'अप्लाय'चे 'लागू करा' झालेले पाहिले आहे, तिथे एका मुलीने विचारले, "कुणाला लागू करू?" असल्या मराठीतून अर्थ काढायला माणसाला मूळ इंग्रजी यावे लागते, ही आपल्या मराठीची अवस्था. आणि समजा उद्या उत्तम मराठी आले, तरी ताईंच्या मुलीला पुण्यात, बंगळुरात, कदाचित दुबईत अर्ज करायचा आहे. तो अर्ज कुणी मराठीत करून देणार नाही.

तोवर ही सगळी माणसे एकाच ठिकाणी जातात: स्टँडजवळचे नेट कॅफे. प्रत्येक अर्जाचे पन्नास-शंभर रुपये, त्याबद्दल माझी तक्रार नाही, कॅफेवाला बिचारा दिवसभर राबतो. पण पासवर्ड त्याच्या वहीत, ईमेल त्याने काढलेला, आणि ओटीपी येतो त्याच्या मोबाइलवर. निम्म्या गावाच्या किल्ल्या एका दोनशे पानी वहीत आहेत. सरांनी ज्याला 'बटणांच्या मागे लागणे' म्हटले, ते न शिकवल्याची फी ही अशी भरली जाते.

गेल्या महिन्यात ताई तिथे गेल्या. 'चेंज रजिस्टर्ड मोबाइल नंबर' ही ओळ त्यांनी स्वतः शोधली, जुन्या नंबरवर आलेला ओटीपी कॅफेवाल्याकडून मागून घेतला, आपला नंबर घातला, पासवर्ड बदलला, त्यात एक मोठे अक्षर आणि एक स्पेशल कॅरेक्टर घातले. कॅफेवाला म्हणाला, "ताई, क्लास लावला काय?" आणि प्रिंटचे पाच रुपये घेतले.

परवा रात्री साडेनऊला ताईंचा फोन आला. अर्जाची स्थिती बघत होत्या. "मॅडम, 'पेंडिंग ॲट इन्स्टिट्यूट लेव्हल' असं आलंय. पेंडिंग कळलं. इन्स्टिट्यूट म्हणजे कॉलेज, तेही कळलं. हे मधलं ॲट कशाला आहे? म्हणजे आता मी जायचं, का त्यांनी करायचं?"